निशाणी चौदा

१

अलमारीचं कुलूप शाबूत होतं, लाखेचं सील शाबूत होतं, लाल फडक्याची गाठसुद्धा शाबूत होती. आत जे असायला हवं होतं, तेवढंच नव्हतं.

जानेवारी १९६४ मधला गुरुवार, सकाळचे दहा. पुसदच्या रेस्ट हाऊसच्या बैठकीत इंदुताईंनी ती गाठ सोडली आणि निशाणी चौदा बाहेर काढली. निशाणी चौदा म्हणजे पुराव्यात चौदाव्या क्रमांकानं दाखल झालेलं, पुलाच्या कामावरचं ऑर्डर बुक. इंजिनिअर त्यात लेखी हुकूम लिहितो आणि खाली मिस्तरी सही नाहीतर अंगठा करतो. हिरव्या कापडाची बांधणी, चारही कोपऱ्यांना पितळी पत्रे. इंदुताई आमच्या सुनावणीच्या लघुलेखिका. कागदपत्रं सांभाळायचं कामही त्यांच्याचकडे. त्यांनी वही उघडली, एक पान उलटलं, मग भराभर सगळी उलटली आणि जलालसाहेबांकडे बघत राहिल्या.

वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरी होती.

जलालसाहेब आमचे लवाद. कोर्टाची पायरी न चढता दोन्ही बाजूंनी मिळून नेमलेला न्यायाधीश. जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेले, कानानं थोडे अधू, पण कागद वाचताना डोळे घारीचे. त्यांनी वही हातात घेतली, खालीवर केली.

"काल ही अशी नव्हती," ते म्हणाले.

विरुद्ध बाजूच्या कंपनीचे मुंबईचे बॅरिस्टर लगेच उभे राहिले. "महाशय, या वहीतलं एक पान कोणाला नको होतं, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. काल शेवटी ती वही कोणाच्या हातात होती, हेही ठाऊक आहे." आणि त्यांनी खिडकीतून व्हरांड्याकडे पाहिलं. तिथं जफर बसला होता. माझा साक्षीदार. ज्याच्या मेलेल्या बापावर त्या पानात सगळा दोष ठेवला होता, तो.

जलालसाहेबांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "वकीलबाई, चार वाजेपर्यंत वही आली नाही, तर ती तुमच्या बाजूनं नाहीशी केली असं मी धरून चालेन. आणि त्या पानात इंजिनिअरसाहेब सांगतात तेच होतं, असंही."

म्हणजे चार वाजता जफरचा बाप, रहमत मिस्तरी, दुसऱ्यांदा मरणार होता.

२

मी सत्यशीला. यवतमाळची वकील. बांधकामाचे लवाद चालवणारी बाई म्हणून लोक मला बघायला यायचे, सर्कशीतल्या हत्तिणीला बघावं तसे. मला त्याचं काही वाटत नसे. हत्तीण बघायला आलेला माणूस तिच्या पायाखाली येऊ शकतो, हे तो विसरलेला असतो.

तंटा असा होता. पैनगंगेला मिळणाऱ्या एका ओढ्यावर पूल होत होता. लोखंडी गर्डर बेल्जियममधल्या एका कंपनीचे, देखरेख त्याच कंपनीच्या इंजिनिअरची, खांबांचं बांधकाम माझे पक्षकार उत्तमसिंग यांचं. उत्तमसिंग बंजाऱ्यांच्या तांड्यातले. त्यांच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, नातवानं पुलाचा ठेका घेतला. मजूर सगळे तांड्याचे आणि मिस्तरी पुसदचा रहमत. गेल्या वर्षी होळीनंतर तिसऱ्या दिवशी तिसऱ्या खांबाचा माथा कोसळला. खालचं लाकडी सेंटरिंग, म्हणजे टेकू, काँक्रीट मुरायच्या आत काढलं होतं. रहमत त्याच्याखाली गेला.

सेंटरिंग काढायला सांगितलं कोणी, एवढाच प्रश्न होता. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, मी तर होळीच्या संध्याकाळी लेखी हुकूम दिला होता की चौदा दिवस हात लावायचा नाही. हा बघा रहमतचा अंगठा. मिस्तरीनं हुकूम मोडला आणि आपल्या कर्मानं मेला.

त्या इंजिनिअरचं नाव मांडवगणे. आता माझ्याविषयी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी न्यायासाठी धडपडत होते. पंधरा वर्षांपूर्वी घाटंजीकडच्या रस्त्यावर एक मोरी खचली होती. तेव्हा सरकारी नोकरीत असलेल्या तरुण मांडवगण्यानं चौकशीच्या अहवालात लिहिलं, ओव्हरसियरनं सूचना पाळल्या नाहीत. ते ओव्हरसियर माझे वडील. सूचना कधी मिळाल्याच नव्हत्या. वडील पुढे सहा वर्षं जगले, पण कोणाच्या घरी चहाला गेले नाहीत. मी वकील झाले ती त्या सहा वर्षांमुळे. मला मांडवगणे हवा होता. न्याय सोबत आलाच, तर त्यालाही बसायला खुर्ची दिली असती.

कंपनीला सुनावणी अँटवर्पला हवी होती. करारात तसं कलमच होतं. साक्ष देणाऱ्या बाया डोक्यावर घमेली वाहणाऱ्या, पूल पुसदजवळ, आणि बसायचं अँटवर्पला! मी सात महिने पत्रं लिहून भांडले. शेवटी त्यांनी पुसद कबूल केलं, पण बदल्यात एक अट घातली: सगळं काम इंग्रजीत चालेल. मी मोठ्या खुशीत सही केली. तीच माझी घोडचूक होती, हे मला त्या गुरुवारपर्यंत कळलं नाही.

माझा पक्षकार उत्तमसिंग तीन दिवस माझ्या शेजारी बसून होता आणि त्याला एक अक्षर कळत नव्हतं. व्हरांड्यात बसलेल्या तांड्यातल्या माणसांना तर नाहीच. मला मात्र इंग्रजीचा एक फायदा वाटायचा. मांडवगण्याला 'अहो' म्हणावं लागत नसे.

३

जफर व्हरांड्याच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. वय बावीस, हात बापासारखे, बोटांच्या पेरांना भेगा. मी त्याला कडुनिंबाखाली नेलं.

"खरं सांग. वही तू घेतलीस?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली. "बाई, घ्याची असती तं जाळून टाकली असती. अन् तुमच्याच समोर जाळली असती. चोरून कायले?"

"लोक तुझंच नाव घेणार."

"घेऊन तं राह्यले. सालभर झालं, पुसदात कोनी मले भिंतीवर उभं करत नाही. म्हनते, याच्या बापानं पूल पाडला, हा आमचं घर पाडन. सिमेंट थापाच्या करनीले गंज चढला माझ्या." तो थांबला. "पर अंगठा अब्बाचाच होता, बाई. काल साक्षीत वही हातात देल्ली तवा बी म्या खोटं नाही बोललो. करवतीचा आडवा वण होता त्याईच्या अंगठ्याले. कागदावर बी तसाच उमटला होता."

हेच मला तीन दिवस छळत होतं. हुकूम खोटा, तर अंगठा खरा कसा?

"तुझ्या अब्बानी कधी बोलून दाखवलं का, साहेबानं अंगठा घेतला म्हणून?"

"कधी बोलन? होळीपासून दोन दिवस तांड्याचे लोक नव्हते तं आम्ही बापलेकच सिमेंटात हात घालून होतो. दिवसभर संग. काहीच बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तं..." त्यानं मान फिरवली. "साहेबानं जीपमंदी टाकून दवाखान्यात नेलं त्याईले. साहेब सोताच जीप चालवत होते. म्या मागून सायकल मारत गेलतो. म्या पोचलो तं अब्बा झाकलेले होते."

तोच पुढे बोलला, स्वतःशी बोलावं तसं.

"मयतीचं गुसल म्याच देल्लं. सारं अंग धुतलं, सिमेंट निघालं, रक्त निघालं. डाव्या अंगठ्याची निळी शाई तेवढी नाही निघाली. लय घासली. मले वाटलं, मस्टरची असन."

मी मान डोलावली. बापाच्या आठवणीत पोरगा हळवा झालाय, एवढंच माझ्या डोक्यात आलं. माझ्यासारख्या हुशार बाईला कधीकधी चपलेनं मारायला हवं.

४

जेवणाच्या सुट्टीत मी इंदुताईंना गाठलं. विधवा बाई, शाळेत मुलींना टायपिंग शिकवायच्या. कोणाच्या बाजूनं एक शब्द जास्त बोलणार नाहीत.

"सील तर तुटलेलं नाही," मी म्हटलं. "म्हणजे अदलाबदल सील लावायच्या आधीच झाली. काल फडकं कोणी बांधलं?"

"मीच. म्हणजे बांधत होते. मांडवगणेसाहेब आले, म्हणाले, निशाणीचा क्रमांक नीट पडलाय का बघतो. मग म्हणाले, तुमच्या बोटांना गाठ आवळत नाही, आणा इकडे. त्यांनीच आवळली."

"रोज आवळतात?"

"रोज? अहो, तीन दिवसांत माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं त्यांनी."

गाठ आवळतानाच वही बदलली होती. पण लगेच सगळं अडखळलं. ती वही म्हणजे मांडवगण्याची ढाल होती. स्वतःची ढाल माणूस कशाला चोरेल? परवा सकाळी त्यानं स्वतः तो हुकूम ऐटीत वाचून दाखवला होता. परवापासून कालच्या संध्याकाळपर्यंत असं काय घडलं, की ढालच त्याला टोचायला लागली?

"काल दुपारी त्यांना बरं वाटत नव्हतं का?" मी विचारलं.

इंदुताईंनी आठवलं. "हंसाबाईच्या साक्षीत त्यांनी दोनदा पाणी मागितलं."

हंसाबाई घमेली वाहणारी. काल तिनं तिच्या बोलीत साक्ष दिली आणि दुभाष्या मास्तरनं तिचं इंग्रजी केलं. साक्ष साधी होती: होळी करून तिसऱ्या दिवशी कामावर आलो, तेव्हा साहेब रहमतभाईला म्हणत होता, काढ ती लाकडं, रहमतभाई म्हणत होते, साहेब, कच्चं आहे, साहेब म्हणाला, इंजिनिअर तू की मी? मी ऐकत होते, पण माझे डोळे मांडवगण्याच्या तोंडावर होते. तो कसा घामेजतो ते मला चवीनं बघायचं होतं. त्याला घाम फुटला तो 'काढ ती लाकडं' या वाक्याला, असं मी धरून चालले होते.

त्या वाक्याला तर तो नुसता 'खोटं आहे' म्हणाला असता. एका मजूर बाईला कोण विचारतो!

मी मागच्या अंगाला आले. रेस्ट हाऊसचा चौकीदार भावसिंग नळापाशी बसून तांब्याचा बंब चिंचेनं घासत होता आणि कोणीतरी त्याचा हक्क हिरावल्यासारखा पुटपुटत होता.

"काय झालं, भावसिंग?"

"काय होते, बाई! एवढे साल झाले, पाव्हन्याचा बंब म्याच पेटवतो, सात वाजता. आज आलो तं मांडवगणेसाहेब सोताच बसून फुंकून राह्यले! जो मानूस चहात साखर सोता टाकत नाही, तो बंब फुंकते. हात बी पोळून घेतला ना उजवा! आमच्या होळीवानी झुंजूमुंजूलेच जाळ करून ठेवलता."

मी जायला वळले होते. दोन पावलं गेले आणि जागीच थांबले.

"आमच्या होळीवानी म्हणजे काय रे?"

५

भावसिंगला माझ्या अडाणीपणाचं नवल वाटलं.

"म्हंजे पहाटं. तुमच्या लोकाची होळी पुनवेच्या संध्याकाळी पेटते. तांड्यात त्या संध्याकाळी काडी बी लागत नाही. दुसऱ्या दिवशी, उजाडायच्या आंधी पेटते आमची. बापजाद्यापासून तसंच हाये. तुमाले मालूम नाही?"

नव्हतं मालूम. जन्म यवतमाळात, आसपास तांडेच तांडे, आणि मला मालूम नव्हतं. त्यांच्या होळीला मी कधी कशाला जाईन! मांडवगणेही कधी गेला नव्हता.

मी तिथंच बंबाशेजारच्या दगडावर बसले. परवा सकाळी त्यानं वाचलेला हुकूम माझ्या कानात स्वच्छ वाजत होता. खोटं बोलणाऱ्याला रंग भरायची हौस असते. त्यानं नुसतं 'सेंटरिंग काढू नये' असं लिहिलं नव्हतं. आधी लिहिलं होतं: 'आज होळी. संध्याकाळचे साडेसात. समोर टेकडीवर तांड्याची होळी पेटलेली मला दिसते आहे. उद्या मजूर शुद्धीवर नसतील, सबब...'

उत्तमसिंग माझ्या शेजारीच बसला होता. त्यानं हे मराठीत ऐकलं असतं तर तिथंच हसून खुर्चीवरून पडला असता. पण काम इंग्रजीत होतं. माझ्याच सहीनं.

आणि काल हंसाबाई म्हणाली होती, 'पहाटं होळी पेटवली, मंग दोन दिवस लेंगीची गानी गायली.' मास्तरनं इंग्रजीत नुसतं 'होळी केली' म्हटलं. मी डोळे लावून बसले होते, कान मिटून. त्या खोलीत एकाच माणसानं तो 'पहाटं' नीट ऐकला. त्यानं पाणी मागितलं.

वहीतलं ते एक वाक्य त्याचा गळा कापणार होतं. वही गेली, की ते वाक्य गेलं. तशा कोऱ्या वह्या त्याच्या कामावर पडलेल्याच असायच्या. वर आळ जफरवर. दोन्ही कामं एका गाठीत झाली.

आता अंगठा. हुकूम नंतर लिहिला होता. होळीच्या संध्याकाळी नाही, तर माथा कोसळल्यावर. तोवर रहमत... निळी शाई. दोन दिवस सिमेंटात हात घालणाऱ्या माणसाच्या बोटाला मेंदी टिकत नाही, चामडी सोलून निघते. आणि रहमतच्या अंगठ्याची शाई गुसल देतानाही निघाली नव्हती. म्हणजे ती ताजी होती. जीपमध्ये दोघंच होते, आणि त्यातला एकच जिवंत होता.

पंधरा वर्षं मी या माणसाचा राग करत होते. त्या क्षणी कळलं की तो राग कमी पडला होता.

"भावसिंग, बंबाची राख कुठं टाकलीस?"

"कुठं म्हंजे? तिथंच, पेरूच्या बुडाशी."

राख अजून कोमट होती. मी वकिलीचा काळा कोट काढून ठेवला आणि दोन्ही हात आत घातले. भावसिंग 'बाई, बाई' करत राहिला. पहिला तुकडा हाताला लागला तेव्हा दोनला दहा मिनिटं कमी होती. काळवंडलेला, वाकडा झालेला, पण पितळेचा. त्रिकोणी. मग दुसरा, तिसरा. चौथाही सापडला. मी हात धुतले नाहीत.

६

चार वाजता जलालसाहेबांनी घड्याळ उचललं. "वकीलबाई?"

"मला मांडवगण्यांना पुन्हा प्रश्न विचारायचे आहेत. आणि माझी विनंती आहे की आजचे प्रश्न मराठीत विचारू द्यावेत."

बॅरिस्टर उसळले. भाषेचं कलम, बाईंची स्वतःची सही! जलालसाहेबांनी करार मागवला, कलम दोनदा वाचलं. "नोंद इंग्रजीत व्हावी असं यात आहे. जीभ कोणत्या भाषेत हलावी, ते नाही. इंदुताई नोंद इंग्रजीत घेतील. खिडक्या उघडा, उकडतंय."

जानेवारीत उकडत नव्हतं. पण खिडक्या उघडल्या आणि व्हरांड्यातली माणसं खिडकीशी आली.

मांडवगणे साक्षीदाराच्या खुर्चीत बसला. उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला.

"हाताला काय झालं?" मी अगदी गोड विचारलं.

"दाढीचं गरम पाणी सांडलं."

"अरेरे. मांडवगणेसाहेब, वही गेली, नुकसान तुमचंच झालं. निदान आठवणीतून सांगा, त्या हुकमात काय होतं?"

तो सावरला. मी हरलेय असंच त्याला वाटलं असणार. "एवढंच, की चौदा दिवस सेंटरिंगला हात लावू नये. खाली मिस्तरीचा अंगठा."

"आणखी काही नाही? आठवून बघा. प्रतिज्ञेवर आहात."

"आणखी काही नाही."

"इंदुताई, परवा साहेबांनी हुकूम वाचला तेव्हाची तुमची टिपणं जरा वाचा."

इंदुताई लघुलेखनाची वही अलमारीत कधीच ठेवत नसत. उशाशी घेऊन झोपत. त्यांनी इंग्रजीत वाचलं आणि मी एकेक वाक्य मराठीत, खिडकीकडे तोंड करून, मोठ्यानं सांगत गेले. "आज होळी. संध्याकाळचे साडेसात. समोर टेकडीवर तांड्याची होळी पेटलेली मला दिसते आहे..."

बाहेर हंसाबाई फस्सकन हसली. तिच्या मागून सगळेच. उत्तमसिंग तर टेबलावर थाप मारून हसला, तीन दिवसांत पहिल्यांदा.

जलालसाहेबांनी कानामागे हात धरला. "हसायला काय झालं?"

"साहेब," हंसाबाई खिडकीतून म्हणाली, "त्या संध्याकाळी आमच्या तांड्यात दिवे बी नव्हते. आमची होळी पहाटं पेटते! काल बी म्या तेच सांगतलं. या साहेबाले आदल्या दिवशीच दिसली?"

"लघुलेखिकेची चूक आहे!" मांडवगणे ओरडला. "मी असं काही वाचलंच नाही."

"मूळ वहीच असती तर बरं झालं असतं, नाही?" मी म्हटलं आणि चार काळे त्रिकोण एकेक करून टेबलावर ठेवले. प्रत्येकाचा आवाज झाला. शेजारी कोरी वही ठेवली. कोपऱ्याला कोपरा जुळला. "साहेबांनी आज पहाटे स्वतः पेटवलेल्या बंबाच्या राखेतून काढलेत. भावसिंग बाहेरच आहे. हात पाण्यानं भाजला की जाळानं, ते तो सांगेल."

मी जफरला आत बोलावलं. त्यानं गुसलची गोष्ट सांगितली, सकाळी सांगितली होती तशीच, एक शब्द कमीजास्त न करता. मी एकच प्रश्न विचारला.

"सिमेंटात दोन दिवस काम केल्यावर अंगठ्याची शाई राहते?"

"तासभर राहत नाही, बाई." आणि मग त्याला उमगलं. मला त्याला आधी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नव्हतं, कारण जलालसाहेबांनी त्याचा चेहरा त्या क्षणी पाहावा असं मला वाटत होतं. ते माझं पाप माझ्या खात्यावर. जफर मांडवगण्याकडे वळला आणि आपला डावा अंगठा मुठीत घट्ट धरून उभा राहिला.

बॅरिस्टर सावकाश उठले आणि आपली खुर्ची मांडवगण्यापासून हातभर दूर सरकवून पुन्हा बसले. "या साक्षीदाराच्या कृत्याशी कंपनीचा काही संबंध नाही," ते म्हणाले.

त्यानंतर मांडवगणे पंधरा मिनिटं बोलला. कंपनीची तार आली होती, गर्डर बंदरात लागलेत, घाई करा. मीच काढायला सांगितलं. जीपमध्ये लक्षात आलं की मिस्तरी गेलाय. पॅड खिशातच होतं. कोऱ्या पानावर अंगठा घेतला, हुकूम दुसऱ्या दिवशी लिहिला. बोलताना तो माझ्याकडे बघत होता, जणू मी त्याला समजून घेईन.

"बाई, तुमचा माझ्यावर एवढा दावा का? मी तुमचं काय बिघडवलं?"

मी त्याला घाटंजीची मोरी सांगितली. वडिलांचं नाव सांगितलं.

त्यानं कपाळाला आठ्या घालून खरोखर प्रयत्न केला. "कोणते ओव्हरसियर? मला नाही आठवत."

पंधरा वर्षं मी या क्षणासाठी वाक्यं जमवली होती. ती सगळी एकदम बिनकामाची झाली. त्याच्या लेखी माझे वडील कधी नव्हतेच. ज्या माणसावर दोष ढकलायचा, त्याचं नाव लक्षात ठेवायची त्याला गरजच पडली नव्हती. माझा राग निवला नाही. उलट आता तो कुठं ठेवायचा ते मला नेमकं कळलं.

"जबानीच्या प्रत्येक पानावर साक्षीदाराची सही लागते, जलालसाहेब," मी म्हणाले.

मांडवगण्यानं लेखणी उचलली. भाजलेल्या बोटांत ती धरवेना. दोनदा खाली पडली.

"मग अंगठा करा," जलालसाहेब म्हणाले. "डावा."

इंदुताईंनी शाईचं पॅड पुढे सरकवलं. ते टेबलाच्या कडेशी अडलं. जफरनं ते उचललं आणि मांडवगण्यासमोर, दोन्ही हातांनी, सरळ धरलं.

पानं अकरा होती. तो अंगठा अकरा वेळा शाईत बुडला.

७

निवाडा महिन्याभरानं आला. त्यात एक परिच्छेद फक्त रहमतचा होता: मिस्तरीनं धोक्याची सूचना दिली होती, हुकूम इंजिनिअरचा होता, मिस्तरी निर्दोष आहे. जफरनं तो मराठीत लिहून घेतला आणि काच लावून दुकानांच्या ओळीत जिथं मिस्तरी लोक कामासाठी सकाळी उभे राहतात, तिथल्या भिंतीवर ठोकला. मांडवगण्यावर पुढे फौजदारी खटला झाला. मी प्रत्येक तारखेला जाऊन पहिल्या बाकावर बसले. काम नसतानाही.

पण मला आठवते ती त्या गुरुवारची संध्याकाळ, पाच वाजताची. ऊन अजून पेरूवर होतं. मांडवगणे मागच्या नळावर उभा राहून अंगठा घासत होता, आधी साबणानं, मग राखेनं, मग नुसत्या नखानं. नळाचं पाणी बारीक होतं. जफर गेला, त्यानं बादलीतून तांब्या भरला आणि त्याच्या हातावर धार धरली. मला वाटलं, पोरगा आता त्याचा गळा धरतो. मी अडवायला पाऊल उचललं नाही.

जफरनं अख्खा तांब्या सावकाश रिकामा केला आणि उपडा ठेवला.

"घासू नका, साहेब," तो म्हणाला. "जात नाही ते. म्या घासून पाह्यलं."